आकडा डब्यावर, वेग बायोसमध्ये

जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ‘कॉर्सेअर’ या नामवंत कंपनीवर ग्राहकांच्या वतीने दावा दाखल झाला. तक्रार अशी होती : गेमिंग संगणकासाठी घेतलेल्या रॅमच्या डब्यावर जो वेग ठळक छापलेला असतो, तो रॅम नुसती बसवून मिळत नाही. त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, जाऊन सेटिंग बदलावे लागते आणि तसे करूनही तो मिळेलच, याची हमी नसते. मग हे डब्यावर स्पष्ट का लिहिलेले नाही? कंपनीने आरोप मान्य केले नाहीत, पण २०२५मध्ये ५५ लाख डॉलरची तडजोड करून वाद मिटवला. तैवानच्या ‘जी.स्किल’ या कंपनीनेही तशाच दाव्यात, आरोप नाकारूनच, २४ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. वेगाच्या आकड्याबरोबर ‘इतक्यापर्यंत’ अशा अर्थाचे शब्द छापायचे आणि त्यासाठी बायोसमध्ये बदल करावा लागतो हे सांगायचे, असेही या तडजोडीत ठरले.

खटले अमेरिकेतले असले तरी त्यातला ग्राहक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये रोज दुकानाच्या काउंटरशी उभा असतो. बारावीनंतर मुलाला किंवा मुलीला पहिला असेंबल केलेला संगणक घेऊन देणारे आईवडील असतात, पहिल्या पगारातून गेमिंग पीसी बांधणारी तरुण मंडळी असतात. ग्राफिक्स कार्डावर तासभर खल होतो, प्रोसेसरवर मित्रांचे सल्ले घेतले जातात. रॅमची पाळी शेवटी येते आणि तिथे दोनच प्रश्न विचारले जातात : किती जीबी, आणि सर्वांत जास्त वेगाची कोणती? दुसरा प्रश्न फसवा आहे. गेमिंगसाठी चांगली रॅम म्हणजे पुरेशी क्षमता, दोन स्टिकची एकत्र तपासलेली जोडी, मध्यम पण नेमका वेग आणि तो वेग संगणकात प्रत्यक्ष चालू असल्याची खातरजमा. या चार गोष्टींच्या पलीकडे मोठ्या आकड्यासाठी मोजलेला पैसा बहुतेक घरांत वाया जातो. हे ग्राहकाला सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे.

हा विषय आज मांडण्याचे कारण रॅमची किंमत. २०२५च्या मध्याला अमेरिकेत शंभर डॉलरच्या आसपास मिळणारा ३२ जीबी डीडीआर५ रॅमचा संच वर्षअखेरीस तीनशे डॉलरच्या पुढे गेला. रॅमसाठी लागणाऱ्या जगातील बहुतांश डीरॅम चिप्स सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि तिन्हींचे लक्ष कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडे वळले आहे. तिथल्या प्रोसेसरना लागणारी एचबीएम नावाची मेमरी बनवताना, तितक्याच क्षमतेच्या डीडीआर५च्या तुलनेत सिलिकॉनचे सुमारे तिप्पट वेफर खर्ची पडतात, असे मायक्रॉननेच सांगितले आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी हातमिळवणी केली, तेव्हा दरमहा नऊ लाख वेफरपर्यंतच्या पुरवठ्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा व्यवसायच बंद करण्याची घोषणा केली. घरगुती संगणकात वर्षानुवर्षे भरवशाने बसवली जाणारी ही रॅम होती. पूर्वी रॅम हा बजेटमधला किरकोळ भाग असायचा, तेव्हा चुकीची निवड खपून जायची. आता तिच्यावर चुकीने घातलेला पैसा थेट ग्राफिक्स कार्डाच्या पैशातून कापला जातो.

रॅम गेममध्ये नेमके काय करते, हे समजले की निवडीतला निम्मा गोंधळ मिटतो. पडद्यावर दिसणारे पोत, सावल्या आणि प्रकाश यांचे काम ग्राफिक्स कार्ड स्वतःच्या वेगळ्या मेमरीत करते. कोणते पात्र कुठे आहे, गोळी कुठे लागली, शहरातल्या हजारो माणसांपैकी कोण कुठे चालले आहे, हा सगळा हिशेब प्रोसेसरकडे असतो. प्रोसेसरच्या पोटात कॅशे नावाची छोटी, अतिशय वेगवान मेमरी असते. हवी ती माहिती तिथे सापडली नाही की त्याला रॅमकडे जावे लागते. त्या फेरीला साधारण साठ-सत्तर नॅनोसेकंद लागतात. माणसाच्या दृष्टीने हे काहीच नाही, पण प्रोसेसर तेवढ्या वेळात शेकडो कामे उरकू शकला असता. २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर प्रत्येक चित्र तयार करायला जेमतेम चार मिलिसेकंद मिळतात. अशा हजारो फेऱ्या एका चित्रात साचल्या की चित्र उशिरा येते, आणि खेळणाऱ्याला तो क्षणिक अडखळा जाणवतो.

म्हणूनच रॅमचा परिणाम सरासरी एफपीएसपेक्षा, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या सरासरीपेक्षा, ‘वन पर्सेंट लो’ या आकड्यात जास्त दिसतो. खेळाच्या सर्वांत संथ एक टक्का क्षणी संगणक किती चित्रे दाखवतो, हे तो आकडा सांगतो. सरासरी १५० एफपीएस मिळत असताना ऐन चकमकीत चित्र थबकत असेल, तर खेळणाऱ्याला त्या सरासरीचा काही उपयोग नाही.

रॅमच्या कामगिरीच्या दोन बाजू असतात. किराणा दुकानातला पोऱ्या मागच्या गोदामातून पहिली वस्तू किती लवकर आणतो, ही एक. आणि एका खेपेत किती पोती उचलतो, ही दुसरी. पहिलीला लेटन्सी म्हणतात, दुसरीला बँडविड्थ. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ६००० किंवा ७२०० हा आकडा दुसरीचा असतो : एका सेकंदात किती दशलक्ष वेळा माहितीची देवाणघेवाण होते. पहिलीची माहिती शेजारी बारीक अक्षरांत ‘सीएल’ नावाने दडलेली असते, आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

हिशेब शाळकरी मुलालाही जमेल असा आहे. सीएलच्या आकड्याला २००० ने गुणायचे आणि रॅमच्या वेगाने भागायचे. उत्तर नॅनोसेकंदांत मिळते. डीडीआर४, ३२००, सीएल१६ : दहा नॅनोसेकंद. डीडीआर५, ६०००, सीएल३० : पुन्हा दहाच. तीच ६००० वेगाची पण सीएल४० असलेली स्वस्त रॅम घेतली, तर उत्तर १३.३ येते. आणि ७२०० वेगाची, सीएल३६ असलेली महाग रॅम? तिचेही उत्तर दहाच. ६००० आणि ७२०० मध्ये पहिली वस्तू हातात येण्याचा वेळ तसूभरही बदलला नाही. फक्त खेप मोठी झाली. दुकानात उभे असताना मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एवढे गणित केले, तरी जाहिरातीच्या निम्म्या भूलथापा गळून पडतात.

या दहाच्या आकड्यामागे इतिहास आहे. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तीच आजही डीरॅमचा पाया आहे. एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा एक इवलासा कपॅसिटर, अशा जोडीत माहितीचा एकेक बिट राहतो. तो भार सतत गळत असतो, म्हणून सेकंदाला कित्येक वेळा पुन्हा भरावा लागतो. तो वाचायलाही ठराविक वेळ लागतोच. पंधरा वर्षांपूर्वीची डीडीआर३, १६०० वेगाची, सीएल९ असलेली रॅम ११.२५ नॅनोसेकंदांत उत्तर देत होती. तेव्हापासून बँडविड्थ जवळजवळ चौपट झाली, पण ही वाट पाहण्याची वेळ फारशी हललेली नाही. ‘नवी पिढी म्हणजे दुप्पट वेग’ हे वाक्य ऐकताना एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता निवडीकडे. पहिला क्रम क्षमतेचा, कारण रॅम कमी पडली तर संगणक माहिती एसएसडीवर ढकलू लागतो, आणि तिथे वाट नॅनोसेकंदांत नव्हे तर मायक्रोसेकंदांत मोजावी लागते. तिथे कोणताही वेग कामी येत नाही. किती हवी, हे गेमवर ठरते. व्हॅलोरंटला किमान ४ जीबी पुरतात. काउंटर-स्ट्राइक २ किमान ८ मागतो. सायबरपंक २०७७ साठी १६ जीबीची शिफारस आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ किमान १६ मागतो, शिफारस ३२ची करतो आणि आदर्श म्हणून ६४ सांगतो. गेमबरोबर ब्राउझर, डिस्कॉर्ड आणि कधी रेकॉर्डिंगही चालू असते, हे धरले तर नव्या संगणकासाठी ३२ जीबी हा समंजस आकडा ठरतो. भाव गगनाला भिडलेले असताना मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्या विद्यार्थ्याने १६ जीबीवर भागवले, तर त्यात कमीपणा नाही. मात्र निव्वळ गेमिंगसाठी ६४ जीबी गळ्यात मारणारा दुकानदार ग्राहकाचे हित पाहत नसतो.

दुसरा क्रम जोडीचा. घरगुती डेस्कटॉपचे प्रोसेसर रॅमशी दोन वाटांनी, म्हणजे दोन चॅनेलने बोलतात. एकच स्टिक लावली तर एक वाट बंद पडते आणि बँडविड्थ निम्मी होते. ६००० वेगाची एक स्टिक सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवू शकते, दोन स्टिक ९६. तरीही तयार संगणकांत आणि स्वस्त बिल्डमध्ये १६ जीबीची एकच स्टिक सर्रास दिली जाते. ‘दुसरी नंतर टाका’ हा सल्ला कानाला बरा वाटतो, पण तो जोखमीचा आहे. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेल क्रमांकाच्या दोन स्टिकमध्ये वर्षभराच्या अंतराने वेगळ्या चिप्स असू शकतात. त्या एकमेकींशी जुळतील, पण पूर्ण वेगाने जुळतीलच असे नाही. जोडीने विकला जाणारा संच एकत्र तपासलेला असतो आणि पैसे त्या तपासणीचेही असतात.

डीडीआर५बाबत एक गैरसमज बाजारात पसरला आहे : या रॅमची एकच स्टिक ‘ड्युअल चॅनेल’ असते, म्हणून जोडीची गरज नाही. डीडीआर५च्या स्टिकमध्ये ३२ बिटांचे दोन उपचॅनेल असतात, हे खरे. पण दोन्ही मिळून रुंदी ६४ बिटच भरते, जुन्या स्टिकइतकीच. त्या विभागणीने कामात सफाई येते, दुसऱ्या स्टिकची जागा मात्र भरून निघत नाही. काही सॉफ्टवेअर हे उपचॅनेल मोजून ‘दोन’ असा आकडा दाखवतात आणि ग्राहकाची समजूत पक्की होते.

दोन चांगल्या, म्हणून चार अधिक चांगल्या, असेही नाही. मदरबोर्डवर चार स्लॉट दिसले की ते भरण्याचा मोह होतो. एएमडीने रायझन ७००० मालिकेसाठी दोन स्टिकबरोबर ५२०० चा वेग अधिकृतपणे मान्य केला आहे. चार स्टिक लावल्या तर तोच आकडा ३६०० वर उतरतो. मेमरी कंट्रोलरवर पडणारा विद्युतीय भार वाढतो, हे त्याचे कारण. चारही चमकत्या स्टिक लावलेला पीसी फोटोत देखणा दिसतो, पण गेममध्ये तो दोन स्टिकच्या पीसीमागे पडू शकतो. दोनच स्टिक लावताना त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात, हे बहुतेक मदरबोर्डच्या पुस्तिकेत छापलेले असते. घाईत शेजारी-शेजारी लावलेल्या जोड्याही अनेक घरांत सापडतील.

वेगाचा क्रम तिसरा. एएमडीच्या एएम५ मदरबोर्डसाठी डीडीआर५, ६०००, सीएल३० हा संच गेमर मंडळींत इतका रुळला आहे, त्याला कारण आहे. या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आणि रॅम जोवर एकाच लयीत चालतात, तोवर लेटन्सी कमी राहते. ही लय साधारण ६००० ते ६४०० पर्यंत टिकते. त्यापुढे कंट्रोलर सहसा निम्म्या गतीवर जातो आणि महागड्या रॅमने कमावलेले बरेचसे तिथेच गमावले जाते. एएमडीने स्वतःही रायझन ७००० बाजारात आणताना ६००० हाच सर्वांत लाभदायक टप्पा असल्याचे सांगितले होते. इंटेलच्या प्रोसेसरवर याहून जास्त वेग गाठता येतो, पण तो मदरबोर्डच्या दर्जावर आणि हाती आलेल्या प्रोसेसरच्या नशिबावर अवलंबून असतो. सीएल३० चा संच फार महाग पडत असेल, तर सीएल३६ घ्यावा. फरक दोन नॅनोसेकंदांचा असतो आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डाच्या वरच्या मॉडेलसाठी कामी येतात.

रॅमच्या वेगाचा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही. फोर-के मॉनिटरवर, सगळी सेटिंग्ज वर ठेवून निवांत कथाप्रधान गेम खेळणाऱ्याच्या संगणकात दमछाक ग्राफिक्स कार्डाची होते. तिथे ५६०० आणि ६४०० मधला फरक डोळ्याला दिसत नाही. याउलट १०८०पी मॉनिटरवर काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याला किंवा हजारो यंत्रांचा कारखाना उभारणारा फॅक्टोरिओ खेळणाऱ्याला तो जाणवतो, कारण तिथे गाडी प्रोसेसरपाशी अडते. एएमडीच्या एक्स३डी प्रोसेसरनी हे समीकरण आणखी बदलले. रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅशे आहे, साध्या ७७००एक्स मध्ये ३२. हवी ती माहिती पोटातच सापडत असल्याने रॅमकडे फेऱ्या कमी होतात. असा प्रोसेसर घेणाऱ्याने त्याबरोबर सर्वांत महाग रॅम घेण्याचे काहीच कारण नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड न घेता प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळणाऱ्याचे गणित नेमके उलटे आहे. रायझन ८६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सलाही याच रॅममधून माहिती घ्यावी लागते. तिथे एकच स्टिक देणे म्हणजे संगणक विकतानाच त्याचे पाय बांधून देणे.

जुना संगणक असलेल्यांनी तर घाईच करू नये. डीडीआर४ची स्टिक डीडीआर५च्या स्लॉटमध्ये बसत नाही. त्यामुळे रॅम बदलायची म्हटले की बहुतेक वेळा मदरबोर्ड आणि प्रोसेसरही बदलणे आले. एएमडीच्या जुन्या एएम४ मदरबोर्डवर ३२०० किंवा ३६०० ची चांगली डीडीआर४ जोडी असेल, तर तिच्या जोरावर आणखी काही वर्षे उत्तम गेमिंग होऊ शकते. डीडीआर४चे उत्पादन आटत चालल्याने २०२५मध्ये तिचेही भाव वर गेले. हाताशी असलेली चालती जोडी म्हणूनच जपून ठेवण्यासारखी आहे.

एवढी काळजी घेऊन आणलेली रॅम घरी येते, लागते, संगणक सुरू होतो आणि ती ४८०० किंवा ५६०० वर चालू लागते. अमेरिकेतल्या दाव्यांचा गाभा हाच होता. रॅमचे मूळ प्रमाण ‘जेडेक’ ही संस्था ठरवते. कोणत्याही मदरबोर्डवर संगणक सुरक्षितपणे सुरू व्हावा, म्हणून स्टिक आधी त्या प्रमाणाने चालते. ६००० चा आकडा त्यापलीकडचा, म्हणजे ओव्हरक्लॉकचा असतो. तो ‘एक्सएमपी’ किंवा एएमडीच्या ‘एक्स्पो’ या प्रोफाइलमध्ये साठवलेला असतो आणि बायोसमध्ये जाऊन हाताने चालू करावा लागतो. डीडीआर५चे मूळ व्होल्टेज १.१ असते, ६००० च्या प्रोफाइलमध्ये ते साधारण १.३५ पर्यंत जाते. म्हणजे ती निरुपद्रवी कळ नाही, विचारपूर्वक दाबायची कळ आहे.

एप्रिल २०२३मध्ये याचा दाखला मिळाला. रायझन ७००० एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर मदरबोर्डवर जळाल्याची छायाचित्रे समोर आली. तपासात प्रोसेसरच्या एसओसी भागाला मिळणाऱ्या जादा व्होल्टेजकडे बोट गेले. एक्स्पो चालू केल्यावर काही मदरबोर्ड ते व्होल्टेज आपोआप वाढवत होते. एएमडीने नव्या बायोसद्वारे त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. यातून प्रोफाइल वापरू नये असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. आधी मदरबोर्डचे बायोस अद्ययावत करावे, मग प्रोफाइल चालू करावे, आणि रॅम त्या मदरबोर्डच्या तपासलेल्या यादीत आहे का, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

प्रोफाइल चालू केल्यावर एएम५ संगणक पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो. त्या वेळेत मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. संगणक बिघडला असे समजून अनेक जण वीज बंद करतात आणि प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्यानंतर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर मेमरीचा वेग आणि वापरलेले स्लॉट दिसतात. सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर ६००० ऐवजी ३००० दाखवते तेव्हा दचकायचे कारण नाही. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला माहिती दोनदा हलते, आणि ते सॉफ्टवेअर ठोके मोजते. शेवटी मेमटेस्ट८६+ हे मोफत सॉफ्टवेअर रात्रभर चालवावे. त्यात एकही चूक निघाली, तर वेग एक पायरी खाली आणावा किंवा वॉरंटीत संच बदलून घ्यावा. अस्थिर रॅम दर वेळी निळा पडदा दाखवतेच असे नाही. कधी गेम मधूनच बंद पडतो, कधी फायली हळूहळू खराब होतात, आणि दोष महिनोन् महिने ग्राफिक्स कार्डाला दिला जातो.

रंगीत दिवे आणि उंच हीटसिंक यांचा कामगिरीशी संबंध नाही. नेहमीच्या वेगाला साधे, बुटके धातूचे आवरण पुरते, आणि मोठा एअर कूलर लावणाऱ्याला तेच सोयीचे, कारण उंच स्टिक पंख्याला अडतात. दिव्यांची आवड असेल तर ते जरूर घ्यावेत. ती हौसेची किंमत आहे आणि विक्रेत्याने ती हौसेची म्हणूनच सांगावी.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की गेमिंग रॅम घेणारा ग्राहक जाणकार असतो आणि एक्सएमपी म्हणजे काय हे त्याला ठाऊक असते. शिवाय रॅम कोणत्या मदरबोर्डवर लागणार हे कंपनीच्या हातात नसते. दुसरा मुद्दा रास्त आहे. पहिला आज टिकत नाही. गेमिंग पीसी आता मूठभर तंत्रवेड्यांचा छंद राहिलेला नाही. तो तालुक्याच्या गावातल्या घरांत हप्त्यांवर घेतला जातो आणि त्याच यंत्रावर अभ्यास, व्हिडिओ संपादन आणि छोटा व्यवसाय चालतो. आपली रॅम दोन वर्षे पाऊण वेगाने चालली, हे त्या घरातल्या कुणाला कळतही नाही. मग तक्रार कोण करणार?

तक्रारीची वाट न पाहताही इथे बरेच करता येण्यासारखे आहे. असेंबल करून देणाऱ्या दुकानाने बिलावर ‘१६ जीबी रॅम’ एवढेच न लिहिता स्टिकची संख्या, प्रत्येकीची क्षमता, मॉडेल क्रमांक, वेग आणि सीएल लिहावे. प्रोफाइल चालू करून, टास्क मॅनेजरमधला वेग ग्राहकाला दाखवून मगच संगणक हाती द्यावा. प्रामाणिक दुकानदार आजही हे करतात, आणि ग्राहकाने मागितले तर उरलेल्यांनाही करावे लागेल. ऑनलाइन विक्रीच्या पानांवर तर रॅमच्या नावातच ६००० असते. मूळ वेग ४८०० किंवा ५६०० आहे आणि ६००० साठी बायोसमध्ये बदल लागतो, हे तिथे खाली तपशिलाच्या तक्त्यात शोधावे लागते, अनेकदा तिथेही सापडत नाही.

भारतात यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणेही त्यात येते. जुलै २०२०मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करता येतो. वैयक्तिक तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. अमेरिकेत ग्राहकांना हे मिळवायला काही वर्षे न्यायालयात घालवावी लागली. इथे प्राधिकरणाने रॅम कंपन्यांना आणि ऑनलाइन विक्रेत्यांना एक साधी सूचना काढावी : मूळ वेग आणि प्रोफाइलचा वेग, दोन्ही आकडे सारख्याच आकाराच्या अक्षरांत, डब्याच्या पुढच्या बाजूला छापा. अमेरिकेत ज्या कंपन्यांनी वेष्टनावरचा मजकूर बदलायचे मान्य केले, त्यांना भारतात येणाऱ्या डब्यांवर तोच मजकूर छापायला अडचण असण्याचे कारण नाही.